आकडा कोणाच्या डोक्याचा?

प्रकाशाच्या आणि ध्वनीच्या ठोक्यांनी मेंदूला एखाद्या लयीत आणू पाहणारी उपकरणे आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. आतल्या बाजूने एलईडी बसवलेला चष्मा, हेडफोन आणि तळहातावर मावेल एवढी डबी असा संच कुरिअरने घरी येतो. तेवढा खर्च नको असेल तर फोनवर ॲप आहेत, यूट्यूबवर आठ-आठ तासांचे ध्वनिपट आहेत. हे सगळे वापरणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती हर्ट्झ लावू? उत्तरही ठरलेले असते, कारण माहितीपत्रकात त्याचे कोष्टकच छापलेले असते. झोपेला २, ध्यानाला ६, निवांतपणाला १०, अभ्यासाला १८, बुद्धीला ४०. सेकंदाला तेवढे ठोके द्यायचे आणि मेंदू त्या मापात येण्याची वाट पाहायची.

या पुस्तकाचे भांडण त्या कोष्टकाशी आहे. त्यातले आकडे कोणी हवेतून काढलेले नाहीत. बहुतेक आकड्यांमागे शंभर वर्षांचे प्रामाणिक मोजमाप आहे. पण मोजणाऱ्यांच्या लेखी त्यांचा अर्थ ‘या अवस्थेत असे दिसते’ एवढाच होता. कोष्टकात येईपर्यंत तो ‘असे द्या, म्हणजे ती अवस्था येईल’ असा उलटा झाला. हा उलटफेर कुठे थोडाफार खरा ठरतो आणि कुठे अजिबात ठरत नाही, हे कळल्याशिवाय बटणे फिरवण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. म्हणून सेटिंगच्या पुस्तकाची ही प्रस्तावना सेटिंगपासून बरीच लांबून सुरू होते.

जर्मनीत १८९३ साली लष्करी सरावात हान्स बर्गर नावाचा तरुण घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याच्या चाकाखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली: तुझे बरे आहे ना? दूर गावी असलेल्या बहिणीला भावाचे काहीतरी बरेवाईट झाले असे एकाएकी वाटले होते आणि तिने तार करायला लावली होती. बर्गर यांनी त्याचा अर्थ विचारसंक्रमण असा लावला आणि मनाची ऊर्जा मोजायचीच, या ध्यासाने ते मानसोपचाराकडे वळले. येना इथे १९२४ साली त्यांनी माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख (ईईजी) घेतला आणि पुढची पाच वर्षे तो खरा की खोटा हे तपासण्यात घालवून १९२९ साली प्रसिद्ध केला. विचारसंक्रमण काही सापडले नाही. सापडली ती डोळे मिटल्यावर सेकंदाला दहाएक वेळा वरखाली होणारी एक लाट. डोळे उघडले की ती मोडायची. तिला त्यांनी अल्फा म्हटले, आणि तिच्याहून जलद, बारीक लाटेला बीटा.

जर्मनीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञाच्या या दाव्यावर शरीरशास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. १९३४ साली केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी तो तपासला. एड्रियन यांना दोनच वर्षांपूर्वी नोबेल मिळाले होते, त्यामुळे त्यांच्या होकाराला वजन होते. दोघांनी स्वतःच्याच डोक्यावर तारा लावल्या. एड्रियन यांनी डोळे मिटले की लाट लगेच हजर. मॅथ्यूज यांच्या आलेखात ती अभावानेच दिसे. एकच यंत्र, एकच खोली, आणि दोन निरोगी, हुशार माणसांचे मेंदू इतके वेगळे. त्याच निबंधात त्यांनी लुकलुकता प्रकाश देऊन ही लय थोडी मागेपुढे ओढता येते, हेही दाखवले. आजचा प्रत्येक चष्मा त्या प्रयोगाचा वंशज आहे. मॅथ्यूज यांचा आलेख मात्र कोणत्याही माहितीपत्रकात छापला जात नाही.

बाकीची अक्षरे नंतर आली. डेल्टा ही संथ लाट ब्रिटनमधल्या ग्रे वॉल्टर यांनी १९३६ साली मेंदूतल्या गाठी शोधताना वर्णिली. गाठीच्या आसपासचा भाग असा मंद चालतो, आणि गाढ झोपेतला निरोगी मेंदूही मंद चालतो. एकाच लाटेचे हे दोन अर्थ. ‘२ हर्ट्झ म्हणजे गाढ विश्रांती’ असे वाचताना हे आठवावे.

अल्फाचा उलटफेर कसा झाला, याची एक वाट आपल्याकडूनही जाते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि बलदेव सिंग या त्रयीने योगसाधकांचे आलेख घेऊन १९६१ साली प्रसिद्ध केले. समाधीत बसलेल्या साधकांची अल्फा लय प्रकाश, आवाज, गरम काचनळीचा स्पर्श यांनी मोडली नाही. दोन साधकांनी चार अंशांच्या गार पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवला, तरी ती चालूच राहिली. हे निरीक्षण फार सुंदर आहे. पण त्यात लय आधी आली की साधना, याबद्दल काहीही म्हटलेले नाही. त्याच दशकात अमेरिकेत जो कामिया यांनी लोकांना स्वतःची अल्फा ओळखायला आणि वाढवायला शिकवले, आणि पाहता पाहता अल्फा म्हणजे यंत्रातून मिळणारी समाधी अशी हवा झाली. पुढच्या दशकातल्या काटेकोर प्रयोगांत मात्र अल्फा वाढूनही माणूस शांत होतोच असे दिसले नाही; तिचा संबंध मनापेक्षा डोळ्यांच्या कामाशी अधिक घट्ट निघाला. डोळे मिटून चिंता करत बसलेल्या माणसाच्या डोक्यातही अल्फा असते. कोष्टकाने ही दुरुस्ती कधी करून घेतली नाही.

आता प्रकाश मेंदूत नेमके काय करतो ते पाहू, कारण इथे भक्कम जमीन आहे. डोळ्यांसमोर सेकंदाला १० वेळा उजेड लुकलुकला तर डोक्याच्या मागच्या बाजूच्या, दृष्टीचे काम पाहणाऱ्या भागात १० हर्ट्झची लाट उमटते. १३ वेळा लुकलुकला तर १३ची. हे मनाच्या श्रद्धेवर अवलंबून नाही. आपल्या शहरांतल्या ईईजी खोल्यांत तंत्रज्ञ रोज हे पाहतात, कारण तपासणीच्या शेवटाकडे रुग्णासमोर दिवा लुकलुकवण्याचा भाग असतोच. जर्मनीत क्रिस्टोफ हेर्मान यांनी १ ते १०० हर्ट्झपर्यंत एकेक पायरी चढत हा प्रतिसाद मोजला (२००१) आणि तो सगळीकडे सारखा नसून १०, २०, ४० आणि ८०च्या आसपास उंचावतो असे दाखवले. म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या काही आवडत्या लयी आहेत, आणि बाहेरचा ठोका त्यांच्याजवळ पडला की प्रतिसाद फुगतो.

इथे झोपाळ्याचा दाखला उपयोगी पडतो. हलत्या झोपाळ्याला त्याच्या येण्याच्या वेळी बोटाने ढकलले तरी झोका वाढतो. भलत्याच वेळी दोन्ही हातांनी ढकलले तर झोपाळा हलतो खरा, पण तो झोका त्याचा नसतो, ढकलणाऱ्याचा असतो. लुकलुकत्या प्रकाशाने दिसणारी लाट यांपैकी कोणती, मेंदूची स्वतःची लय जुळून आलेली की दर ठोक्याला उमटणारे सुटे प्रतिसाद एकामागे एक जोडले गेलेले, यावर संशोधकांत अजून वाद आहे. दिवा बंद केल्यावर काय उरते, ही त्यातली मोठी कसोटी. आपल्यापुरता अर्थ असा की ठोका स्वतःच्या लयीच्या जितका जवळ, तितका कमी प्रकाश पुरतो. आणि जितका दूर, तितका तो नुसता धक्का ठरतो.

स्वतःची लय म्हणजे कोणती? प्रौढांची अल्फा साधारण १० असते असे म्हणताना ८ ते १३ एवढा विस्तार त्यात गडप होतो. तीन वर्षांच्या मुलात ती ८च्या आसपास असते, किशोरवयात १०पर्यंत चढते, उतारवयात पुन्हा हळूहळू खाली येते. घरात आजोबांची लय ९ आणि नातीची १०.५ असू शकते. दोघांनी एकच चष्मा १०वर लावून घातला, तर एकाला तो किंचित घाईचा आणि दुसरीला किंचित रेंगाळणारा. ग्राहकांसाठी मिळणाऱ्या ईईजी पट्ट्यांवर डोळे मिटून दोन मिनिटांचा आलेख घेतला तरी आपला उंचवटा कुठे आहे याचा अंदाज येतो. फक्त यातल्या बऱ्याच पट्ट्या कपाळावर मोजतात, अल्फा सर्वांत ठळक असते ती मागे. तेव्हा कपाळावर काही दिसले नाही म्हणून निराश होऊ नये.

डबीवर जो आकडा दिसतो तेवढाच मेंदूत शिरतो असेही नाही, आणि याकडे फार दुर्लक्ष होते. दिवा झटकन लागून झटकन विझत असेल, तर १०च्या ठोक्यात ३० आणि ५०चेही अंश असतात. उजेडाचा क्षण खूप छोटा ठेवला तर २०, ४०ही येतात. उजेड हळू चढून हळू उतरत असेल तरच १० म्हणजे जवळपास १० राहते. त्यात दृष्टीची यंत्रणा स्वतःच दुप्पट करते ते वेगळे. म्हणून ‘१० हर्ट्झ’वर चालणारे दोन कंपन्यांचे चष्मे एकाला सौम्य आणि एकाला डोके उठवणारे वाटतात, यात नवल नाही. ठोक्याचा आकार आणि प्रत्येक ठोक्यातला उजेडाचा वाटा हे दोन पर्याय यंत्रात असतील तर हर्ट्झच्या आधी त्यांना हात घालावा.

डाव्या-उजव्या डोळ्याला वेगळा ठोका देणाऱ्या सेटिंगविषयी मात्र स्पष्टच लिहितो. डाव्या काचेतून डावा मेंदू किंवा उजवा मेंदू गाठता येतो, ही जाहिरात शरीररचनेला धरून नाही. प्रत्येक डोळ्याच्या दृश्याचा डावा अर्धा भाग उजव्या मेंदूकडे जातो आणि उजवा अर्धा डाव्याकडे. म्हणजे प्रत्येक डोळा दोन्ही अर्धगोलांना माहिती पुरवतो. काचा आलटूनपालटून लुकलुकवल्या तर अनुभव बदलतो हे खरे, पण त्यामागे अर्धगोलांचा समतोल वगैरे काही नाही.

मिटल्या डोळ्यांपुढे दिसणाऱ्या नक्ष्या हा या विषयातला सर्वांत आनंदाचा भाग. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८१९ सालीच सूर्याकडे तोंड करून, डोळे मिटून, फाकलेली बोटे डोळ्यांपुढून फिरवल्यावर दिसणारे चौकटींचे पट नोंदवून ठेवले होते. ग्रे वॉल्टर यांनी ब्रिस्टलमध्ये इलेक्ट्रॉनिक दिवा वापरून हे प्रयोग पुढे नेले, आणि १९५३च्या ‘द लिव्हिंग ब्रेन’ या पुस्तकातून ते साहित्यिक-चित्रकारांपर्यंत पोचले. चित्रकार ब्रायन गायसिन डिसेंबर १९५८मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेत बसने जात होते. रस्त्याकडेच्या झाडांआडून मावळतीचे ऊन डोळ्यांवर झपझप पडत होते आणि मिटल्या पापण्यांआड रंगांचा पूर आला. त्यांनी आणि इयन सॉमरव्हिल यांनी पुढे खाचा पाडलेला एक पोकळ दंडगोल ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड प्लेयरवर ठेवला, आत बल्ब टांगला आणि ‘ड्रीममशीन’ केले. खाचा अशा कापल्या होत्या की लुकलुक ८ ते १३च्या पट्ट्यात पडावी. या नक्ष्या जाळी, बोगदे, सर्पिल, कोळ्याचे जाळे अशा मोजक्याच घराण्यांतल्या का असतात, याचे गणिती स्पष्टीकरण अर्मेंट्राउट आणि कोवन यांनी १९७९ साली दिले. डोळ्याच्या पडद्याचा नकाशा मेंदूत ज्या रीतीने ताणून पसरलेला असतो, त्यामुळे तिथे उठलेले साधे सरळ पट्टे आपल्याला वर्तुळे आणि सर्पिल होऊन दिसतात. नक्ष्या पाहणे एवढाच हेतू असेल तर आकडा निवडणे सोपे आहे: ८ ते १३, डोळे मिटलेले, उजेड संपूर्ण दृष्टिक्षेत्रावर पसरलेला. पापणीतून लाल प्रकाश सर्वांत सहज आत जातो, त्यामुळे दिवा पांढरा असला तरी आत लालसर छटाच पोचते. ८ आणि ९मध्ये, ९ आणि १०मध्ये चित्र बदलते. पाव हर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकत पाहण्यात मौज आहे, आणि त्या मौजेला उपचाराचे नाव देण्याची गरज नाही.

ध्वनीकडे वळताना अपेक्षा जरा खाली आणावी. तंबोरा जुळवताना जोडीच्या दोन तारांत किंचित फरक असला की आवाज लाटेसारखा चढउतार करतो, आणि तारा मिळत आल्या की ही लाट संथ होत नाहीशी होते. तो चढउतार हवेत खरोखर असतो. १८४०च्या आसपास हाइनरिख डोव्हे या जर्मन पदार्थवैज्ञानिकाच्या लक्षात आले की एक स्वर एका कानात आणि किंचित वेगळा दुसऱ्या कानात दिला, तरीही असा चढउतार ऐकू येतो. हवेत तो नसतोच. दोन कानांचे संदेश मेंदूच्या खोडात एकत्र येतात तिथे तो तयार होतो. जेराल्ड ऑस्टर यांनी १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये यावर लेख लिहिला आणि मग या ‘बायनॉरल बीट्स’चा बाजार उभा राहिला.

हे ठोके ऐकू येण्याच्या अटी कडक आहेत. मूळ स्वर साधारण १००० हर्ट्झच्या खाली हवा, ४००-५००च्या आसपास असेल तर उत्तम. दोन कानांतला फरक ३०च्या आत हवा. आणि दोन्ही कानांवर हेडफोन हवेच. फोनच्या स्पीकरवर लावले तर दोन्ही स्वर हवेतच मिसळतात आणि उरतो तो तंबोऱ्याचा साधा चढउतार. एकच इअरफोन घातला तर तेही नाही, नुसता एक सपाट सूर. या अटी पाळूनसुद्धा बायनॉरल ठोका क्षीणच असतो. मेंदूच्या लाटा त्याच्या मागे जातात का, हे पाहणाऱ्या १४ अभ्यासांचा आढावा २०२३ साली निघाला: पाच होकाराचे, आठ नकाराचे, एक अधेमधे. आवाज सरळ चालू-बंद करून दिलेला ठोका यापेक्षा ठसठशीत असतो, त्याला हेडफोनही लागत नाही, फक्त तो कानाला कंटाळवाणा वाटतो. त्यामुळे बाजारात संगीताच्या थराखाली लपवलेला बायनॉरल ठोका खपतो. ऐकायला तो छान असतो; छान ऐकल्याने बरेही वाटते.

झोपेच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. सेकंदाला दोन ठोके दिले की आलेखावर सेकंदाला दोन उंचवटे दिसतात, पण त्या उंचवट्यांना गाढ झोपेतली डेल्टा म्हणता येत नाही. ती डेल्टा म्हणजे कोट्यवधी पेशी एकत्र काम करतात आणि एकत्र थांबतात, आणि जाग्या मेंदूत बाहेरून टकटक करून ते घडत नाही. याच क्षेत्रातला मला सर्वांत पटलेला प्रयोग उलट्या दिशेने जातो. जर्मन संशोधकांनी २०१३ साली झोपलेल्या माणसांच्या संथ लाटा आधी यंत्राने ऐकल्या आणि लाट चढत असताना नेमक्या त्या क्षणी हलकासा आवाज सोडला. तेव्हा लाटा वाढल्या आणि आदल्या संध्याकाळी पाठ केलेल्या शब्दजोड्या सकाळी अधिक आठवल्या. तिथे वारंवारिता कोणी निवडलीच नव्हती. ती झोपलेल्या माणसाने दिली.

आता धोका. १६ डिसेंबर १९९७च्या संध्याकाळी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटूनपालटून काही सेकंद पडद्यावर झळकला, आणि ६८५ जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. त्यातल्या अनेकांना त्याआधी कधीच आकडी आलेली नव्हती. प्रकाशाने फिट येण्याची प्रवृत्ती साधारण चार हजारांत एका माणसात असते. अपस्मार असलेल्यांत शंभरात तिघांमध्ये. ७ ते १९ या वयात ती सर्वाधिक उघड होते. ३ ते ६० हर्ट्झमध्ये कुठेही फिट येऊ शकते, पण सर्वांत घातक पट्टा १५ ते २५चा. माहितीपत्रकातला अभ्यासाचा १८ हा आकडा बरोबर त्या पट्ट्याच्या पोटात बसतो, आणि ज्यांच्यासाठी तो सुचवलेला असतो ते विद्यार्थी बरोबर त्या वयात. मला हे नुसते बेजबाबदार वाटत नाही, चीड आणणारे वाटते.

म्हणून या पुस्तकात प्रकाशासाठी १५ ते २५चा पट्टा कोणालाही, कोणत्याही हेतूसाठी सुचवलेला नाही. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला फिट आलेली असेल, तर प्रकाशाचा भाग पूर्ण सोडावा. लहान मुले, अर्धशिशीचे रुग्ण, अपुरी झोप झालेला किंवा मद्य घेतलेला माणूस, यांनाही हा चष्मा नको. डोळे मिटणे म्हणजे संरक्षण नव्हे, कारण पापणीतून उजेड आत येतोच. चष्मा घातल्यावर हात-पाय झटकले गेले, विचित्र वास आला, भान हरपल्यासारखे वाटले, तर लगेच तो काढावा आणि तळहाताने एक डोळा पूर्ण झाकावा. एका डोळ्याचा प्रकाश बंद झाला की मेंदूचे उद्दीपन बरेच उतरते. पहिल्या वेळी खोलीत दुसरे माणूस असावे, आणि बंद करण्याचे बटण त्याला माहीत असावे.

४० हर्ट्झचा सध्या सर्वांत जास्त गाजावाजा आहे. अमेरिकेत एमआयटीमधल्या ली-ह्वे त्साय यांच्या चमूने २०१६ साली ‘नेचर’मध्ये दाखवले की अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांना तासभर ४० हर्ट्झचा लुकलुकता प्रकाश दिला तर मेंदूच्या दृष्टीच्या भागातले, या विकारात साचणारे अमायलॉइड प्रथिन घटते. २०१९ साली त्यांनी ध्वनीची जोड दिली आणि परिणाम अधिक दूरवर पोचल्याचे सांगितले. मग २०२३ साली न्यूयॉर्कच्या ज्यॉर्जी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर तेच करून पाहिले आणि त्यांना ना अमायलॉइड घटलेले दिसले, ना मेंदूच्या स्वतःच्या गॅमा, म्हणजे ४०च्या आसपासच्या, लयी जुळलेल्या. पुढच्याच वर्षी त्साय यांच्या चमूने मेंदूतला कचरा वाहून नेणाऱ्या द्रवाच्या प्रवाहाचे नवे स्पष्टीकरण मांडले. शेकडो रुग्णांवर, रोज एक तास घरी, अशी मोठी मानवी चाचणीही अमेरिकेत उभी राहिली. विज्ञान असेच चालते, आणि त्यात घाई करायला कोणाची हरकतही नाही. पण आईच्या विस्मरणासाठी फोनवर ४०चे ॲप लावणाऱ्याला एक साधी गोष्ट माहीत हवी. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर ४० हर्ट्झची नियमित लुकलुक काढताच येत नाही. ६०ला पूर्ण भाग जाईल तेच आकडे तिथे समान अंतराने बसतात: ३०, २०, १५, १२, १०. ४०साठी १२०चा पडदा लागतो किंवा स्वतंत्र दिवा. त्यात ब्लूटूथ हेडफोनचा आवाज प्रकाशामागे रेंगाळतो, आणि ४०च्या चालीत दोन ठोक्यांमधले अंतर अवघे २५ मिलिसेकंद असते. प्रकाश आणि ध्वनी जोडीने द्यायचे असतील तर तारेचेच हेडफोन घ्यावेत.

विश्वाच्या लयीशी जुळवणाऱ्या आकड्यांना मी एकच परिच्छेद देणार आहे. ७.८३ हा पृथ्वी आणि आयनांबर यांच्यामधल्या विद्युतचुंबकीय अनुनादाचा खरा आकडा आहे, पण दिव्याच्या लुकलुकीशी किंवा कानातल्या आवाजाशी त्याचा काही संबंध नाही. ८ लावा, तेवढाच परिणाम होईल. ४३२ आणि ५२८ हे तर ठोके नव्हेतच, ते स्वर आहेत. ‘निसर्गाचा खरा स्वर ४३२’ ही कल्पना ज्यांचा सा गळ्यानुसार ठरतो त्या आपल्या लोकांना पटावी, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. कोणी काळी एक, कोणी पांढरी चार, आणि मैफल दोघांचीही रंगते.

मग निवड करायची कशी? पुढची प्रकरणे त्याचीच आहेत, पण क्रम इथेच सांगतो. आधी उजेड: शक्य तितका मंद सुरू करून, नक्ष्या जेमतेम उमटतील इथपर्यंत चढवावा आणि तिथेच थांबावे. मग ठोक्याचा आकार, हळू चढणारा. मग आवाज, शेजारच्याने हाक मारली तर ऐकू येईल इतकाच. मग कालावधी, पंधरा-वीस मिनिटे. तासभर बसल्याने तिप्पट फायदा होतो असे मानायला आधार नाही. हर्ट्झ सर्वांत शेवटी, आणि तोही स्वतःच्या अल्फापासून एखाद-दोन हर्ट्झ इकडेतिकडे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

आणि एक खेळ घरच्या माणसाला सोबतीला घेऊन खेळावा. काही दिवस त्याने आपल्या नकळत कधी ठरलेला आकडा लावावा, कधी वाकडातिकडा, अनियमित ठोका, आणि काय लावले ते स्वतःच्या वहीत टिपून ठेवावे. धोक्याचा पट्टा टाळून, अर्थातच. आपण फक्त बैठकीनंतर कसे वाटले ते दहापैकी गुण देऊन लिहायचे, आणि महिनाअखेरी दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. अनियमित ठोक्यालाही तेवढेच गुण पडले असतील, तर शांतता मिटलेल्या डोळ्यांनी, वीस मिनिटांच्या बसण्याने आणि कोणी हाक न मारण्याने आली, असे समजून चष्मा बेलाशक विकून टाकावा. फक्त घेणाऱ्याला किमतीच्या आधी फिटबद्दल विचारावे, त्याच्याबद्दलही आणि त्याच्या घरातल्या मुलांबद्दलही.